काम थोडं हवंय, नोकरी नकोय : निवृत्तीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की रिटायर झाल्यावर काम आणि आराम यांचा मेळ कसा घालणार आहात. पत्रं एवढी आली की सगळी छापायची तर अंकात दुसरं काही मावलं नसतं. गंमत म्हणजे 'मला आता काहीच करायचं नाही' असं लिहिणारे अगदी मोजके, बाकी सगळ्यांना थोडं काम हवंय, थोडी मोकळीक हवीय आणि दोन्हीचं वेळापत्रक स्वतःच्या हातात हवंय. पत्रं वाचताना मला सारखं वाटत राहिलं की पहिल्या दोन गोष्टी मिळतात हो, तिसरी मिळत नाही, आणि सगळी भांडणं तिथेच आहेत. नावं काढून टाकलीत, प्रश्न जरा आखूड केलेत.

प्रश्न : वय ५८, खाजगी कंपनीत अकाउंट्स बघतो. दोन वर्षांनी रिटायर होणार. साहेब म्हणतात जाऊ नका, कन्सल्टंट म्हणून आठवड्यातून तीन दिवस या. मला आवडेल, उरलेल्या चार दिवसांत फिरायचंय, गाणं शिकायचंय. पण आमच्याकडे आधी एक जण असेच थांबले होते, त्यांना सुट्टीच्या दिवशीही फोन जायचे आणि पैसे मात्र निम्मे. काय करू?

साहेबांनी थांबा म्हटलं यात तुमचा मान आहे हे खरंय, पण त्यांची सोयसुद्धा आहे हे विसरू नका. इतक्या वर्षांची सगळी माहिती तुमच्या डोक्यात, कुठली फाइल कुठे आणि कुठल्या पार्टीशी कसं बोलायचं ते तुम्हालाच ठाऊक, आणि ते सगळं त्यांना निम्म्या पैशात मिळणार असेल तर कोण नको म्हणेल?

तुमच्या त्या सहकाऱ्यांचं काय झालं असेल ते सांगतो. त्यांनी दिवस ठरवले, कामं ठरवली नाहीत. काम काही वार बघून येत नाही, ते सोमवारी येतं तसं शनिवारीही येतं, आणि तुम्ही 'येत नाही' म्हणालात तरी तुमचा फोन तर चालू असतो ना. म्हणून आधी कामांची यादी करा. उदाहरणार्थ महिनाअखेरचं क्लोजिंग बघणार, ऑडिटच्या शंकांना उत्तरं देणार, नव्या माणसाला सहा महिने तयार करणार, बस. वसुलीचे फोन नाही, रोजच्या नोंदी नाही, आणि सह्या तर अजिबात नाही. सहीचा अधिकार पहिल्याच दिवशी सोडून द्या, कारण सही राहिली की जबाबदारी राहते आणि जबाबदारी राहिली की झोप जाते, तीन दिवस असो नाहीतर सहा. वर्षअखेरीला काम वाढणारच, तेव्हा जास्तीच्या दिवसाचे वेगळे पैसे किती तेही आत्ताच लिहून घ्या, नंतर मागायला तुम्हालाच संकोच वाटेल (अकाउंट्सवाल्यांना दुसऱ्यांचे पैसे मागता येतात, स्वतःचे येत नाहीत, असं मी बरेचदा बघितलंय). पहिला करार सहा महिन्यांचाच करा आणि दोन्ही बाजूंना महिन्याच्या नोटिशीवर थांबता येईल असं ठेवा.

जपानमध्ये हा प्रकार आता सर्रास आहे. तिथे पुष्कळ कंपन्यांत ६० ला रीतसर निवृत्ती होते आणि लगेच तोच माणूस वर्षावर्षाच्या करारावर त्याच ऑफिसात परत येतो, कारण ६५ पर्यंत कामाची सोय करून द्या असं कायदाच सांगतो, आणि एप्रिल २०२१ पासून तर ७० पर्यंत संधी द्यायचा प्रयत्न करा असंही सांगतो. ऐकायला छान वाटतं ना? पण पगार बराच खाली येतो, हुद्दा जातो आणि ज्याला तुम्ही हाताला धरून शिकवलं तो साहेब होऊन तुमची रजा मंजूर करतो. काहींना हे अजिबात टोचत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं, काहींना पहिल्या आठवड्यातच सहन होत नाही. तुम्ही कुठल्यातले हे दोन वर्षांत स्वतःला विचारून ठेवा, कारण करारात ते लिहून घेता येत नाही.

अजून एक, पेन्शन चालू असताना कमाई केली तर पेन्शन कापतात का ते तुमच्या योजनेच्या नियमात आधी बघून घ्या. अमेरिकेत तिथली सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, पूर्ण पेन्शनचं ठरलेलं वय व्हायच्या आधी घेतली आणि कामही चालू ठेवलं तर ठरलेल्या मर्यादेच्या वरच्या दर २ डॉलर कमाईमागे १ डॉलर रोखून धरतात. पूर्ण वय झालं की हिशोब करून पेन्शन वाढवून देतात, त्यामुळे पैसे बुडत नाहीत, पण त्या वर्षी हातात कमी येतात आणि माणूस गोंधळतो. नियम देशागणिक वेगळे आहेत, पण 'कमाई केली तर काय' हा प्रश्न सगळीकडे विचारायलाच हवा.

प्रश्न : मी ५२. माझा प्लॅन असा की ७० पर्यंत थोडंथोडं काम करत राहायचं, त्यामुळे आत्ता बचत जरा कमी झाली तरी चालेल. बायको म्हणते हे दिवास्वप्न आहे. कोण बरोबर?

बायको.

आता कारण सांगतो. अमेरिकेत एम्प्लॉयी बेनिफिट रिसर्च इन्स्टिट्यूट नावाची संस्था दरवर्षी नोकरीत असलेल्यांना आणि रिटायर झालेल्यांना प्रश्न विचारते. नोकरीतल्यांना विचारलं, रिटायर झाल्यावर पैशासाठी काही काम करणार का, की दहातले साधारण सात जण हो म्हणतात. आणि जे खरंच रिटायर झालेत त्यांना विचारलं, तुम्ही केलंत का, तर हो म्हणणारे दहात तीनच्या आसपास. हे एखाद्या वर्षाचं नाही, वर्षानुवर्षं असंच चाललंय. त्याच सर्व्हेत दुसरी गोष्ट दिसते ती म्हणजे जवळपास निम्मे लोक ठरवलेल्या वेळेच्या आधीच बाहेर पडतात. कोणाची तब्येत, कोणाची कंपनी माणसं कमी करते, कोणाला घरातल्या आजारी माणसाकडे बघावं लागतं. म्हणजे ही सगळी माणसं आळशी निघाली असं नाही, त्यांना काम करायचंच होतं, पण निर्णय त्यांच्या हातात राहिला नाही.

तेव्हा हिशोब असा मांडा की ६० नंतर कामातून एक पैसाही येणार नाही. त्यावर भागतंय का बघा. भागत असेल तर पुढची कमाई ही वरची, ती हवी तेव्हा घ्या, नको तेव्हा सोडा, आणि खरं सांगायचं तर फुरसतीच्या कामाची मजा तेव्हाच येते जेव्हा त्यावर घर चालत नसतं. भागत नसेल तर आत्ता ५२ ला कळलेलं बरं, हातात वर्षं आहेत.

आणि तुमच्या कामातलं ६८ व्या वर्षी काय जमेल तेही जरा बारकाईने बघा. तुम्ही काय करता ते लिहिलं नाहीये. उभं राहून करायचं काम असेल, रात्रपाळी असेल, दिवसभर गाडी चालवायची असेल तर ते तसंच्या तसं पुढे न्यायचा विचार सोडा, त्यातलं शिकवण्याचं, तपासण्याचं, सल्ल्याचं जे असेल ते आत्तापासून वेगळं काढून त्याचा सराव करा. ६० ला ते एकदम जमत नाही कोणाला.

प्रश्न : नवरा पुढच्या महिन्यात रिटायर होतोय. रोज यादी करतो, ट्रेकिंग करणार, फोटोग्राफी करणार, दोन ठिकाणी सल्लागार म्हणून जाणार. मी ६१ ची, आयुष्यभर घर सांभाळलं. लेक म्हणते आता तुम्ही दोघं मोकळेच, तर नातवाला तुमच्याकडेच ठेवते. मला कोणी विचारलंच नाही. माझी रिटायरमेंट कधी असते?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग आमच्या ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं, सगळे जरा गप्पच झाले.

'काम आणि फुरसत' असं आपण जे सारखं म्हणतो त्यात काम म्हणजे पगाराचं काम हे धरूनच चालतो. मग जिला पगारच नव्हता तिला निवृत्तीची तारीख कुठून येणार. वर नवऱ्याची फुरसत घरातच घडते, आणि त्या फुरसतीला लागणारं सगळं, वेळेवर जेवण, आवराआवर, आलेगेलेले, ते परत तुमच्याकडेच. जपानमध्ये १९९१ मध्ये नोबुओ कुरोकावा नावाच्या डॉक्टरांनी याला चक्क आजाराच्या यादीत आणलं होतं, नवरा निवृत्त होऊन घरी बसला की बायकांना झोप न लागणं, पोटाची दुखणी, रक्तदाब असं सुरू होतं हे त्यांनी पेशंट बघून मांडलं. त्यामुळे तुम्हाला आत्ताच जी धडकी भरलीय ती काही तुमच्या मनाचे खेळ नाहीत.

नातवाचं आधी. नातू सांभाळणं आनंदाचं आहेच पण ते कामही आहे, आणि हे मीच म्हणतोय असं नाही. स्वीडनमध्ये १ जुलै २०२४ पासून आईवडील आपल्या पगारी पालक-रजेतले ४५ दिवसांपर्यंत आजी-आजोबांना किंवा दुसऱ्या कोणाला देऊ शकतात, म्हणजे तिथे आजी नातवाला सांभाळते तेव्हा तिला त्याचे सरकारी पैसे मिळतात. तुम्ही लेकीकडे पैसे मागा असं म्हणत नाही, पण दिवस आणि तास मागा. 'हो सांभाळेन, आठवड्यातले अमुक दोन दिवस, संध्याकाळी अमुक वाजेपर्यंत, आणि आम्ही बाहेरगावी असू तेव्हा तुमची तुम्ही सोय बघायची.' हे तुम्ही बोला, नवऱ्याला बोलायला लावू नका, तो पहिल्याच वाक्याला विरघळेल.

आता नवरोबा. त्यांची यादी चालू आहे तोवरच दुसरी यादी समोर ठेवा, घरात रोज काय काय होतं त्याची, अगदी बारीकसारीक, बिलं भरण्यापासून ते सुट्टीवर गेलेल्या बाईच्या जागी कोण इथपर्यंत. सगळं लिहून झालं की त्यातली कामं त्यांना निवडायला सांगा, 'मदत' म्हणून नाही, पूर्ण त्यांच्या नावावर, म्हणजे आठवणही त्यांचीच त्यांनी ठेवायची. आणि आठवड्यातला एक अख्खा दिवस तुमचा, त्या दिवशी तुम्ही घरात असाल किंवा नसाल, काही विचारायचं नाही. पहिले काही आठवडे घरात गोंधळ होणार, होऊ दे. तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय की चित्रं काढायला आवडायचं. मग तो दिवस त्यालाच द्या, निदान सुरुवातीला.

प्रश्न : मी ६७ ची, निवृत्त शिक्षिका. हौस म्हणून एका संस्थेत आठवड्यातून एक तास मुलांना शिकवायला जायला लागले. आता पाच दिवस जाते, शिवाय अहवाल लिहिते, देणगीदारांना फोन करते. पैसे नाहीत, घ्यायचेही नाहीत. पण थकलेय आणि सोडलं तर मुलांचं कसं होईल असं वाटतं.

बाई, फुकटच्या कामाला मर्यादा घालणं पगाराच्या कामापेक्षा अवघड, कारण पगारी माणसाला ओव्हरटाइम द्यावा लागतो, तुम्हाला नुसतं 'तुमच्याशिवाय कोण करणार' म्हटलं की झालं. अहवाल आणि देणगीदार हे संस्थेचं काम आहे, ते त्यांना परत करा, एक तारीख देऊन, 'या महिन्यानंतर मी हे करणार नाही' असं सरळ लिहून. शिकवणं ठेवा, दोन दिवस. मुलांचं काय होईल म्हणता, तर तुम्ही आजारी पडलात तर जे होईल तेच, तेव्हा ते आत्ता नीट शांतपणे झालेलं काय वाईट.

पण तुमच्या पत्रात मला दुसरंच काहीतरी दिसलं. सगळं पत्र देण्याबद्दल आहे, तुम्ही स्वतः काय शिकताय याबद्दल अक्षर नाही. फ्रान्समध्ये तुलूझला १९७३ मध्ये पिएर व्हेलास यांनी वयस्करांसाठी विद्यापीठाचे वर्ग सुरू केले, 'युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज' म्हणतात त्याला. पुढे १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये हीच कल्पना गेली तेव्हा पीटर लॅसलेट वगैरे मंडळींनी तिला पार उलटं केलं, प्राध्यापक नाहीत, परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच दुसऱ्या कोणाच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसायचं. कोणी भूगर्भशास्त्र, कोणी इटालियन, कोणी पक्षी ओळखणं. मला ही कल्पना फार आवडते, विशेषतः शिक्षकांसाठी, कारण शिक्षकाला आयुष्यभर बाकावर बसायला मिळालेलं नसतं. पाच-सहा समवयस्क जमवले तरी होतं, त्याला इमारत लागत नाही.

प्रश्न : ६३ पूर्ण. दोन वर्षांपूर्वी मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. पहिलं वर्ष मजेत गेलं, फिरून झालं, सगळ्यांना भेटून झालं. आता सकाळी उठून काय करायचं हा प्रश्न पडतो. अर्ज करतो तर उत्तरही येत नाही. वय बघूनच बाजूला टाकतात का?

हो, पुष्कळदा टाकतात. अमेरिकेत ४० च्या वरच्यांना वयावरून डावलू नये असा कायदा १९६७ पासून आहे, ब्रिटनने २०११ मध्ये ६५ ला सक्तीने घरी पाठवण्याची पद्धत बंद केली, आणि तरी दोन्हीकडचे साठीतले लोक हीच तक्रार करतात. कायद्याने काढता येत नाही इतकंच, घ्यायलाच लावता येत नाही.

पण तुमची अडचण मला अर्धी वयाची आणि अर्धी हुद्द्याची वाटते. तुम्ही मॅनेजरच्याच जागा शोधताय ना? त्या जागा मुळातच कमी आणि त्यांना पुढची दहा वर्षं थांबणारा माणूस हवा असतो. जागा शोधू नका, काम शोधा. जपानमध्ये 'सिल्व्हर मनुष्यबळ केंद्रं' आहेत, १९७० च्या दशकात टोकियोत सुरू झाली आणि मग देशभर पसरली. ६० च्या पुढचा माणूस सभासद होतो आणि केंद्र त्याला थोड्या थोड्या दिवसांची हलकी कामं देतं, महिन्याला साधारण दहा दिवस किंवा आठवड्याला वीस तासांच्या आत. बागेतली छाटणी, सायकल स्टँड सांभाळणं, कागदी सरकत्या दारांना नवा कागद लावणं, सुंदर अक्षरात पाकिटांवर पत्ते लिहिणं. पगाराची हमी नाही, नोकरीचे हक्कही नाहीत, आणि त्यावर टीका होते ती योग्यच आहे, म्हणजे पोटापाण्यासाठी त्यावर अवलंबून राहता येणार नाही. पण तिथे कोणी कोणाला 'आधी तुम्ही कोण होतात' विचारत बसत नाही.

तुमच्या पत्रात पैशाचा उल्लेख नाही, म्हणून धरून चालतो की ओढाताण नाही. मग मोठ्या कंपन्यांना अर्ज पाठवायचे थांबवा आणि ज्यांना मॅनेजर परवडत नाही अशा लहान धंदेवाल्यांना भेटा, तीन आठवड्यांचं एकच काम मागा, त्यांचा साठा नीट लावून देणं, दरपत्रक बनवून देणं, नव्या पोराला ग्राहकाशी बोलायला शिकवणं. ओळखीतूनच होतं हे, अर्जातून नाही. जिथे जाल तिथे पहिले काही दिवस 'आमच्याकडे असं करायचे' हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका!

आणि सकाळचं म्हणाल तर, आधी एक ठरलेली वेळ आणि तिथे वाट बघणारी दोन माणसं एवढं जरी जमवलंत, पोहणं असो, वाचनालय असो, बुद्धिबळ असो, तरी काम मिळेपर्यंत दिवसाला सुरुवात मिळेल. नोकरीत काम असतंच पण ही दोन माणसंही असतात, आणि निवृत्तीनंतर बऱ्याच जणांना कामापेक्षा त्यांचीच उणीव जास्त जाणवते.

प्रश्न : वडील ७१ चे, दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे त्यांचं, अजून रोज जातात. आम्ही भावंडं मागे लागलोय की आता बंद करा, आराम करा. ते चिडतात. ६५ नंतर माणसाने थांबायला नको का?

६५ च का पण? हा आकडा शरीराकडे बघून कोणी काढलेला नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ मध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला तेव्हा वय ७० ठेवलं होतं (बिस्मार्क स्वतः ७४ चा होता आणि चॅन्सेलर म्हणून काम करतच होता), ते १९१६ मध्ये ६५ वर आणलं. अमेरिकेने १९३५ मध्ये ६५ घेतलं ते तिथल्या जुन्या पेन्शन योजनांमध्ये काही ६५ आणि काही ७० वाल्या होत्या म्हणून, आणि हिशोबात ६५ बसत होतं म्हणून. आता डेन्मार्कने २०२५ मध्ये ठरवलंय की २०४० पर्यंत पेन्शनचं वय ७० करायचं. म्हणजे फिरून तिथेच. तिजोरी बघून हलतो हो तो आकडा, तुमच्या वडिलांचे गुडघे बघून नाही.

त्यांना वर्कशॉप हेच काम आणि हीच करमणूक असेल तर तुम्ही 'आराम करा' म्हणता तेव्हा त्यांना ऐकू येतं की घरी बसा. त्याऐवजी तीन गोष्टी बघा. डोळे आणि कान तपासून झालेत का, जड उचलायला आणि मशीनवर दुसरा माणूस आहे का, आणि पैशाचे व्यवहार कोणाला तरी दाखवून होतात का, कारण या वयात फसवायला येणारे वर्कशॉपमध्ये येत नाहीत, फोनवर येतात. हे ठीक असेल तर बंद करायचा विषय काढूच नका.

आणि त्यांना एकदा, भांडणाच्या वेळी नाही, एरवी कधीतरी, विचारा की यातलं कुठलं काम आता नकोसं वाटतं. सगळ्यांचं काहीतरी असतंच. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणं असेल, हिशोब लिहिणं असेल, सकाळी लवकर उघडणं असेल. ते नेमकं तेवढंच तुम्ही भावंडांनी अंगावर घ्या. आठवड्यातून एक दिवस किल्ली दुसऱ्याकडे द्यायला ते तयार झाले तर फारच छान, पण कुठला दिवस ते त्यांनाच ठरवू द्या.